गर्भ, भ्रूण, पेशी : बंगळुरूमधील मूलपेशी-संशोधन आणि एका वादाचे भाषांतर

१. प्रश्नाची मांडणी

मानवी भ्रूणापासून मिळवलेल्या मूलपेशींवर संशोधन करावे की करू नये, हा वाद सामान्यतः विज्ञान आणि धर्म यांच्यातील संघर्ष म्हणून मांडला जातो. एका बाजूला असाध्य रोगांवरील उपचारांची आशा आणि दुसऱ्या बाजूला मानवी जीविताचे पावित्र्य, असे त्याचे स्वरूप सांगितले जाते. ही मांडणी मुख्यतः अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात घडली व तेथून वृत्तपत्रांच्या मार्गाने आपल्याकडे आली. परंतु एखादा वाद एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येतो तेव्हा त्याचे केवळ मुद्दे येत नाहीत. ते मुद्दे ज्या संज्ञांवर उभे असतात त्या संज्ञा बदलतात आणि नव्या संज्ञांबरोबर त्यांचा स्वतःचा नैतिक इतिहासही त्या वादात शिरतो.

प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा विचार बंगळुरू येथील संशोधनाच्या आधारे केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : इंग्रजी 'एम्ब्रियो'साठी मराठीने 'भ्रूण' हा शब्द स्वीकारला, आणि त्यामुळे दोन भिन्न वाद एकाच शब्दात कोंबले गेले. परिणामी आपल्याकडील खरा प्रश्न, म्हणजे प्रयोगशाळेत 'उरलेल्या' भ्रूणाविषयी निर्णय कोणी, कोणत्या शब्दांत आणि काय समजून घ्यायचा, हा मागे पडला. हा प्रश्न कोशकारांपुरता मर्यादित नाही. संमतीलेखावर स्वाक्षरी करणाऱ्या स्त्रीशी त्याचा थेट संबंध आहे.

२. बंगळुरूचा वृत्तान्त

प्रथम वस्तुस्थिती पाहू. शरीराबाहेर फलित झालेले बीजांड सुमारे ५ दिवसांत शे-दोनशे पेशींच्या पोकळ गोलकाचे रूप धारण करते. त्याला 'ब्लास्टोसिस्ट' म्हणतात. त्याच्या आतील बाजूस असलेल्या पेशीपुंजापासून पुढे संपूर्ण शरीर घडते. हा पुंज वेगळा काढून योग्य द्रवात वाढवल्यास त्या पेशी अमर्यादपणे विभागत राहतात आणि शरीरातील कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतरित होण्याची त्यांची क्षमता टिकून राहते. अशा अखंड वाढत राहणाऱ्या पेशीसमूहास इंग्रजीत 'लाइन' म्हणतात. येथे 'पेशीवंश' हा शब्द वापरला आहे. पेशीपुंज वेगळा काढताना प्रचलित पद्धतीत तो गोलक नष्ट होतो. सारा वाद या एका क्रियेभोवती फिरतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून असे पेशीवंश प्रथम मिळवले. ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी असा निर्णय जाहीर केला की, त्या दिवसापूर्वी अस्तित्वात आलेल्या पेशीवंशांवरील संशोधनासच केंद्रीय निधी मिळेल. त्याच महिन्याच्या अखेरीस अशा ६४ पेशीवंशांची यादी प्रसिद्ध झाली. तीत दहा संस्था होत्या आणि त्यांपैकी दोन भारतीय होत्या : मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस (७ पेशीवंश) आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (३ पेशीवंश). टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र कृषी विद्यापीठाच्या परिसरात आहे. तेथील काम मित्रदास पणिकर यांच्या प्रयोगशाळेत चालले होते.

अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणातील एका तडजोडीमुळे बंगळुरूतील एक प्रयोगशाळा अकस्मात जागतिक वादाच्या नकाशावर आली. पुढे त्या यादीतील वापरण्याजोगे पेशीवंश वीस-एकवीसच निघाले आणि त्यांत भारतातील एकही नव्हता. तरी या घटनेचा एक परिणाम टिकून राहिला. भारतात याविषयी नियम काय आहेत, हा प्रश्न बाहेरून विचारला गेला आणि त्याचे उत्तर येथे तयार करावे लागले.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. बंगळुरूच्या जक्कूर भागातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मानवी पेशीवंश निर्माण केले. त्यांची नावे बीजेएनहेम १९ आणि बीजेएनहेम २० अशी आहेत. त्यांविषयीचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे पेशीवंश ज्या भ्रूणांपासून मिळवले ते तृतीय श्रेणीचे, म्हणजे रचनेने सदोष असल्याने गर्भाशयात सोडण्यास अयोग्य ठरलेले होते. निबंधाच्या शीर्षकात दोन विशेषणे शेजारी येतात. पेशीवंशांना 'सहोदर' म्हटले आहे आणि भ्रूणांना 'टाकून दिलेले'. पहिला शब्द नात्याचा आहे, दुसरा केराचा. दोन्ही शब्द शास्त्रीय दृष्ट्या अचूक आहेत, कारण पेशीवंश एकाच दांपत्याच्या भ्रूणांपासूनचे आहेत आणि ते भ्रूण वापराबाहेर गेलेले होते. तरीही एकाच वाक्यखंडात नाते आणि त्याग एकत्र यावेत, यात या संपूर्ण वादाचे सार आले आहे.

३. पाश्चात्त्य वादातील संज्ञा

हा वाद पश्चिमेतही प्रथमपासून नामकरणाचा वाद होता, याची नोंद घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये १४ दिवसांची मर्यादा सुचवली. सुमारे या सुमारास भ्रूणात शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेषा उमटते आणि त्यानंतर एका भ्रूणाचे दोन होणे सहसा शक्य राहत नाही. म्हणजे तेथून पुढे 'एक व्यक्ती' असे म्हणता येते, असा युक्तिवाद होता. १९९० च्या ब्रिटिश कायद्याने ही मर्यादा स्वीकारली. त्याच काळात १४ दिवसांपूर्वीच्या अवस्थेसाठी 'पूर्वभ्रूण' अशा अर्थाची नवी संज्ञा प्रचारात आली. विरोधकांनी तिला शब्दच्छल ठरवले. नाव बदलून वस्तूची प्रतिष्ठा कमी करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रोमन कॅथलिक चर्चने १९८७ च्या निवेदनात गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी व्यक्तीचा आदर झाला पाहिजे, अशी भूमिका घेतली.

जर्मनीत १९९० च्या भ्रूणसंरक्षण कायद्याने पेशीवंश निर्माण करणेच निषिद्ध ठरवले. मात्र २००२ च्या कायद्याने १ जानेवारी २००२ पूर्वी परदेशात निर्माण झालेल्या पेशीवंशांची आयात सशर्त मान्य केली, आणि २००८ मध्ये ती तारीख १ मे २००७ पर्यंत पुढे नेली. जे कृत्य स्वदेशात अपराध आहे त्याचे फलित परदेशातून आणता येते, असा हा पेच आहे. येथे एक भाषिक योगायोगही आहे. 'स्टेम सेल' या संज्ञेचे मूळ जर्मन 'श्टामत्सेले' या शब्दात आहे. हेकेल याने १८६८ मध्ये तो शब्द सर्व जीवसृष्टीच्या आद्य एकपेशीय पूर्वजासाठी वापरला होता. जर्मन 'श्टाम' म्हणजे झाडाचे खोड आणि कुळ किंवा जमातही. म्हणजे या संज्ञेत वंशवृक्षाची प्रतिमा प्रारंभापासून आहे.

भारतीय भाषांनी ही प्रतिमा निरनिराळ्या प्रकारे उचलली. कन्नडमध्ये 'कांडकोश' हा शब्द वापरात आहे. तो खोडाशी प्रामाणिक राहतो. मराठीत 'स्कंधपेशी'ही सुचवला गेला, परंतु रूढ झाला तो 'मूलपेशी'. त्यात खोडाऐवजी मूळ आले. शिवाय मराठी कानाला 'मूल' या शब्दात केवळ संस्कृतातील मूळ ऐकू येत नाही, घरातले मूलही ऐकू येते. संज्ञा घडवणाऱ्यांच्या मनात हा अर्थ नसणार. तथापि, भ्रूणाच्या संदर्भात 'मूलपेशी' वाचणाऱ्या सामान्य वाचकाच्या मनातून तो सहजासहजी पुसला जात नाही.

४. 'गर्भ' : स्थानवाचक संज्ञा

आता आपल्या परंपरेतील संज्ञांकडे वळू. आयुर्वेदातील 'गर्भ' या संकल्पनेचा या वादाच्या दृष्टीने फारसा विचार झालेला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत झाला असता त्याला 'गर्भ' ही संज्ञा प्राप्त होते, असे सांगितले आहे. या व्याख्येत तीन घटकांइतकेच महत्त्व स्थानाला आहे. 'गर्भ' हा शब्द वस्तूबरोबर तिचे आश्रयस्थानही सांगतो. मराठीतही 'गर्भगृह' किंवा 'गर्भित अर्थ' असे आपण म्हणतो ते याच 'आत असणे' या अर्थाने.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. जीवाचा प्रवेश संयोगसमयीच होतो, असे चरक मानतो. त्यामुळे भारतीय परंपरेत जीवित्वाचा प्रारंभ उशिरा मानला आहे, असे सरसकट विधान करता येणार नाही. अन्य परंपरांत मात्र तसे क्रम आढळतात. यहुदी धर्मशास्त्रात पहिल्या ४० दिवसांतील गर्भाला केवळ जल मानणारे मत आहे, आणि इस्लामी परंपरेत १२० दिवसांनंतर आत्म्याचे आगमन मानणारे मत प्रसिद्ध आहे. सुश्रुताने या प्रश्नाला एक वेगळेच वळण दिले आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, त्यामुळे स्त्री दोन हृदयांची होते आणि तिला दौहृदिनी म्हणतात, असे तो सांगतो. 'दोहद' आणि त्यावरून मराठीतील 'डोहाळे' हा शब्द याच परिवारातला मानला जातो. गर्भ स्वतःच्या इच्छा आईच्या तोंडून बोलू लागतो, ही कल्पना मराठी घरात आजही डोहाळजेवणाच्या रूपाने जिवंत आहे. गर्भाचे 'कोणीतरी असणे' येथे एखाद्या क्षणाने ठरत नाही. ते आईशी असलेल्या संबंधातून व्यक्त होते.

काचेच्या बशीतील पाच दिवसांच्या गोलकाला हा संबंध नाही. शब्दाच्या जुन्या अर्थाने तो 'गर्भ' नव्हे, म्हणून त्यासाठी मराठीला दुसरा शब्द हवा होता.

५. 'भ्रूण' : आरोपाचा शब्द

तो दुसरा शब्द 'भ्रूण' ठरला. परंतु हा शब्द तटस्थ नाही. धर्मसूत्रांत 'भ्रूणहन्' हा घोर पातकी मानला आहे, आणि त्याचा अर्थ गर्भाची हत्या करणारा असा, तसाच विद्वान ब्राह्मणाची हत्या करणारा असाही केला जातो. वसिष्ठधर्मसूत्रात या दोहोंना जोडणारे कारण दिले आहे : ज्याचे लिंग अद्याप कळलेले नाही असा गर्भ पुरुष होऊ शकतो. मनुस्मृतीतही 'अविज्ञात' गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. म्हणजे प्राचीन भ्रूणहत्येच्या पापाची गुरुता संभाव्य पुत्राच्या मूल्यावर आधारलेली होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात हा शब्द उलट दिशेने वळवला गेला. गर्भलिंगचाचणीविरुद्ध मुंबईत १९८० च्या दशकात स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी चळवळ उभारली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने याविषयी देशातील पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. या चळवळीच्या काळात 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द मराठीत घरोघर पोहोचला. पुत्राच्या शक्यतेसाठी असलेला जुना निषेधशब्द आता कन्येच्या बाजूने उभा राहिला. अर्थपरिवर्तनाचे हे एक उल्लेखनीय उदाहरण होय.

तथापि, याच शब्दाने मूलपेशीवादात गोंधळ निर्माण केला. केंद्रीय कायद्याच्या २००३ मधील दुरुस्तीनंतरच्या व्याख्येनुसार फलनापासून ५६ दिवसांपर्यंत 'एम्ब्रियो' आणि ५७ व्या दिवसापासून 'फीटस' मानला जातो. सोनोग्राफीने लिंग ओळखता येते ते या ५६ दिवसांनंतर. म्हणजे 'स्त्रीभ्रूणहत्या' या शब्दाने जे कृत्य आपण ओळखतो ते कायद्याच्या परिभाषेत बहुधा 'एम्ब्रियो'संबंधीचे नसतेच. मराठीत मात्र पाच दिवसांचा पेशीगोलक आणि चार महिन्यांची कन्या या दोहोंनाही 'भ्रूण' हा एकच शब्द आहे. साहजिकच 'भ्रूण नष्ट करून संशोधन' असे वाक्य वाचताच वाचकाच्या मनात आरोपाचा सूर उमटतो. तो सूर चर्चच्या युक्तिवादातून आलेला नसतो. तो आपल्याच एका न्याय्य चळवळीतून आलेला असतो.

याचा अर्थ त्या आरोपाला आधार नाही, असा नव्हे. गर्भधारणेच्या क्षणापासून व्यक्तित्व मानणारे भारतीय आहेत. बंगळुरूत तर कॅथलिक धर्मपीठाने १९६३ मध्ये स्थापिलेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे. ती भूमिकाही भारतीयच आहे. परंतु ती युक्तिवादाने मांडली जावी, शब्दाच्या आडून सरकवली जाऊ नये.

६. 'पेशी' आणि गांधारीची कथा

'पेशी' या शब्दाचा इतिहास याहून विस्मयकारक आहे. मराठीत पेशी म्हणजे 'सेल'. मराठी विश्वकोशाने 'कोशिका' ही संज्ञा वापरली तरी शाळेतून रुळला तो पेशी हाच शब्द. हिंदीत 'मांसपेशी' म्हणजे स्नायू. प्राचीन वैद्यकात मात्र 'पेशी' हे गर्भाच्याच एका अवस्थेचे नाव आहे. चरकाच्या मते दुसऱ्या महिन्यात गर्भ घन, पेशी किंवा अर्बुद या रूपांत असतो आणि त्यांवरून अनुक्रमे पुरुष, स्त्री किंवा नपुंसक अपत्य संभवते. बौद्ध परंपरेतही कलल, अर्बुद, पेशी, घन असा क्रम आहे. आधुनिक मराठीत यांतील 'अर्बुद' म्हणजे गाठ. आणि मूलपेशी खऱ्या आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी त्या उंदराच्या शरीरात टोचून त्यांची गाठ होते का, हे पाहण्याची पद्धत प्रयोगशाळांत रूढ आहे. एकेकाळी एकाच क्रमात असलेले हे शब्द आधुनिक विज्ञानाने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले, आणि मूलपेशी-संशोधनात ते पुन्हा शेजारी आले.

या संदर्भात महाभारताच्या आदिपर्वातील गांधारीची कथा वारंवार उद्धृत केली जाते. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कौरवांचा जन्म हा मूलपेशी-तंत्रज्ञानाचा पुरावा असल्याचे विधान केले आणि त्यावर योग्य ती टीका झाली. पुरावा म्हणून ही कथा निरुपयोगी आहे. परंतु टीका करून थांबल्यास कथेत जे खरोखर आहे ते आपण गमावतो.

कथेत गांधारीने दोन वर्षे गर्भ धारण केलेला आहे. कुंतीला पुत्र झाल्याचे ऐकून ती दुःखाने स्वतःच्या उदरावर आघात करते आणि लोखंडाच्या गोळ्यासारखी कठीण 'मांसपेशी' बाहेर पडते. ती टाकून देण्याच्या बेतात असताना व्यास येतात, तुपाने भरलेली शंभर कुंडे सिद्ध करायला सांगतात आणि गोळ्यावर थंड पाणी शिंपडण्याची आज्ञा करतात. त्याचे अंगठ्याच्या पेराएवढे एकशे एक भाग होतात, आणि हे भाग कुंडांत ठेवले जातात तेव्हा त्यांचा उल्लेख 'गर्भ' असा होतो. टाकण्याजोगी असते तोवर पेशी आणि आश्रय मिळाला की गर्भ : कथेतील संज्ञांचा हा पालट चरकाच्या स्थानवाचक व्याख्येशी नेमका जुळतो. कुंडे ही येथे कुक्षी झाली आहेत.

कथा आणखी एक गोष्ट सांगते. टाकणे आणि राखणे यांचा निर्णय येथे गांधारी एकटी घेत नाही. बाहेरून आलेला, ज्ञानाचा अधिकार असलेला पुरुष तो बदलतो. आजच्या परिभाषेत सांगायचे तर प्रश्न संमतीचा आहे.

७. 'दान' आणि संमती

प्रयोगशाळेत भ्रूण 'उरतात' ते नलिकाबीजन उपचारांमुळे. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात इंदिरा हिंदुजा आणि टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून या पद्धतीने बालक जन्मले. आनंद कुमार यांनीच पुढे बंगळुरूत वंध्यत्व-उपचार केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. एका उपचारात अनेक भ्रूण तयार होतात, थोडेच गर्भाशयात सोडले जातात. बाकीच्यांचे काय करावयाचे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उरलेल्या भ्रूणांपासून पेशीवंश निर्माण करण्यास परवानगीच्या अटीवर मान्यता दिली. संशोधनासाठीच भ्रूण निर्माण करणे अधिक कडक नियंत्रणाखाली ठेवले, तर १४ दिवसांपलीकडे भ्रूण वाढवणे आणि मानवी प्रतिरूपाचा जन्म घडवणे निषिद्ध ठरवले. देणाऱ्याची माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे आणि भ्रूणाचा मोबदला देता येत नाही. २०१३ च्या आवृत्तीच्या शीर्षकातून 'उपचार' हा शब्द वगळला गेला, कारण त्या नावाखाली अप्रमाणित उपचारांचा बाजार वाढला होता. येथेही नामकरणानेच धोरण सांगितले. २०१७ मध्ये ही तत्त्वे पुन्हा सुधारली गेली. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने भ्रूण साठवण्याची मर्यादा १० वर्षे ठरवली. त्यानंतर भ्रूण नष्ट होऊ द्यावा किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधनसंस्थेला दान करावा, अशी तरतूद आहे.

'दान' या शब्दापाशी थांबले पाहिजे. धर्मशास्त्रात दान म्हणजे स्वतःचे स्वामित्व सोडून दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे. जे आपल्या मालकीचे आहे तेच दान करता येते, आणि दिलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क राहत नाही. 'कन्यादान' या शब्दावर मराठी सुधारकांनी घेतलेला आक्षेप याच कारणासाठी होता. मग 'भ्रूणदान' म्हणताना आपण भ्रूणाला दांपत्याची मालमत्ता मानतो काय? आणि त्यापासून निघालेले, अनंत काळ वाढत राहणारे, अन्य देशांत पाठवले जाणारे 'सहोदर' पेशीवंश यांच्याशी त्या दांपत्याचे काहीच नाते उरत नाही काय? इंग्रजीतील 'डोनेशन' या शब्दात हे प्रश्न दबून राहतात. मराठीतील 'दान' ते उघडे करतो.

बेळगाव-निपाणीकडील एखादे मराठीभाषक दांपत्य उपचारासाठी बंगळुरूला आले आहे आणि त्यांच्यासाठी मराठीत संमतीलेख तयार करावयाचा आहे, असे समजू. त्यात 'गर्भ' लिहिल्यास त्या स्त्रीला पोटातील बाळ दिल्यासारखे वाटेल. 'भ्रूण' लिहिल्यास हत्येचा शब्द कानी येईल. 'पेशी' लिहिल्यास रक्ताच्या नमुन्याइतकी किरकोळ वस्तू दिल्यासारखे वाटेल, आणि तीही दिशाभूलच होय. प्रामाणिक भाषांतर येथे एका शब्दाने साधणार नाही. काय होते, कशाचा नाश होतो, काय टिकून राहते आणि नकार दिल्यास उपचारात काही उणे पडत नाही, हे सर्व वाक्यांनी सांगावे लागेल. परिभाषा जेथे अपुरी पडते तेथे निवेदनाला पर्याय नसतो.

८. समारोप

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या सामान्य पेशींना भ्रूणपेशींसारखी क्षमता मिळवून दिली. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि हा वाद संपला, असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही. २०२१ मध्ये मूलपेशींपासून ब्लास्टोसिस्टसदृश रचना घडवल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मूलपेशी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १४ दिवसांपलीकडील संशोधन सरसकट निषिद्ध न मानता प्रत्येक प्रस्तावाचा कठोर विचार करण्याची भूमिका घेतली. जी रचना फलनातून जन्मली नाही पण भ्रूणासारखी दिसते, तिला मराठीत काय म्हणायचे, हा प्रश्न आता समोर आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या वादात निर्णय देण्याचा अधिकार नाही. परंतु निर्णय ज्या शब्दांत घेतला जातो ते शब्द कोठून आले, त्यांच्याबरोबर काय आले आणि त्यांनी काय झाकले, हे दाखवणे त्याचेच काम आहे. बंगळुरूच्या उदाहरणातून इतके स्पष्ट होते की 'जीवनाचा प्रारंभ केव्हा' हा आयात प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा असला तरी एकमेव नाही. उरलेल्याला 'उरलेले' कोणी म्हटले आणि टाकलेल्याला 'टाकलेले' कोणी ठरवले, हा प्रश्न गांधारीच्या कथेइतका जुना आहे. त्याचे उत्तर देताना जिच्या उदराशी तो निगडित आहे तिला, तिच्या भाषेत, प्रथम विचारले पाहिजे.